मान वर करा, आबा

तिकिटं माझ्या हातात असली की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सवयच आहे ती. एसटीत कंडक्टर म्हणून माझी अर्धी जिंदगी मुरबाड, किन्हवली, शहापूर याच रस्त्यावर गेली. दाराशी लटकणाऱ्याला आत घ्यायचं, आतल्याला मागे सरकवायचं, कोंबडीची पिशवी सीटखाली आणि म्हाताऱ्या माणसाला सीटवर, हे मी झोपेतही करू शकते. त्यामुळे आबांना घेऊन त्या डोंगरावरच्या प्राणी उद्यानात जायचं ठरलं, तेव्हा नेणार कोण हा प्रश्न घरात कुणी विचारलाच नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. भातशेती केली, गुरं राखली, म्हसा गावच्या जत्रेत बैलांच्या दातांवरून वय सांगून भल्याभल्यांशी वाद घातले. या सगळ्याहून मोठं काम म्हणजे वाघदेवाचं. गावाच्या शिवेवर ऐनाच्या एका झाडाखाली वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते, त्या दिवशी गुराखी तिथं जमतात, घराघरातून दूध गोळा करून खीर शिजवतात, वरच्या वाडीतली ठाकूर मंडळीही येतात. दगडाला शेंदूर लावायचा मान आमच्या घराकडे आहे. आबा मिसरूड फुटल्यापासून तो लावत आले. गुरांना सांभाळ, पोरांना सांभाळ, आणि आमच्या वाटेला येऊ नको, असं त्या देवाला आपुलकीनं आणि थोडं दरडावून सांगायचं, ही त्यांची पद्धत.

पण आबांनी पट्ट्याचा वाघ कधी बघितला नव्हता. आमच्या रानात असतो तो बिबट्या. तो उंबरमाळीकडच्या जंगलातून फिरत फिरत येतो, एखादं वासरू किंवा कुत्रं उचलतो आणि जातो. आबांच्या लेखी तो देवाचा धाकटा भाऊ. थोरला, पट्ट्याचा, त्यांच्या आजोबांनी बघितला होता म्हणे, तोही पाठमोरा. कुणी म्हणालं की टीव्हीवर रोज दाखवतात की, तर आबा म्हणायचे, "टीव्हीत हनुमान पण दिसतो. मग झाला काय दर्शन?"

मग आबांचे डोळे जायला लागले. मोतीबिंदू असेल, सुगी झाली की ऑपरेशन करू, या भरवशावर आम्ही बसलो आणि तो निघाला काचबिंदू. उजवा डोळा पुरता गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही. डाव्या डोळ्यात थेंब टाकत राहायचं, उरलंय तेवढं जितकं टिकेल तितकं टिकवायचं, आणि तेही फार दिवस टिकणार नाही. आबांना तेव्हा नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं. ताटातली भाकरी दिसायची, शेजारची कालवणाची वाटी दिसायची नाही. हात वाटीत बुडाला की ते स्वतःवरच चिडायचे आणि आम्ही सगळे दुसरीकडे बघायचो.

डॉक्टरांकडून आल्यावर त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. संध्याकाळी ओटीवर बसल्या बसल्या म्हणाले, "सगळा बगून झाला माजा. येकच राहिलाय. जन्मभर ज्याला शेंदूर लावला, त्याला येकदा बगायचा हाय. डोळा जायच्या आदी."

माझ्या नवऱ्यानं मोबाइलमध्ये शोधाशोध केली आणि ते उद्यान काढलं. परराज्यात आहे, एका डोंगरावर. नाव मी सांगणार नाही, नाहीतर आमच्याकडचे लोक उद्याच डबे भरून निघतील आणि आबांच्या गोष्टीला कुणी विचारणार नाही. पायथ्याशी छोटंसं स्टेशन आहे, तिथून पर्यटकांसाठी रुळांवरची एक छोटी गाडी वर जाते. डब्यांना मोठमोठ्या काचा. गाडी तारेच्या वेगवेगळ्या कुंपणांतून, झाडीतून फिरते, म्हणजे जनावरं मोकळी आणि माणसं पिंजऱ्यात. मला ही व्यवस्था एकदम पटली. मी रजा टाकली, रेल्वेची तिकिटं काढली, आणि कल्याणहून रात्रीच्या गाडीनं आम्ही तिघं निघालो. आबा, नवरा आणि मी.

आबांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि टोपीला नीळ दिली होती. पिशवी मांडीवरून खाली ठेवेनात. प्रवासात पडल्या पडल्या मध्येच विचारायचे, "दिसंल ना गो?" मी म्हणायचे, "दिसणार म्हणजे दिसणारच. मी आणलंय तुमाला." ही बढाई नव्हती. माझा स्वतःवर तेवढा विश्वास होता, आणि देवावरही होता, पण देवापेक्षा स्वतःवर जरा जास्त.

सकाळी पायथ्याच्या स्टेशनवर पोचलो तर दारातच अडलो. आबांच्या पिशवीत नारळ, शेंदराची पुडी, उदबत्ती आणि नवीन तांदळाची मूठभर पुरचुंडी निघाली. दारावरचा रखवालदार हिंदीत म्हणाला, खाण्याची वस्तू आत नेता येत नाही, जनावरांना टाकतात लोक. आबांना हे समजेना. जनावराला कोण टाकतंय, देवाला द्यायचंय. रखवालदार नियम सांगत होता, आबा रीत सांगत होते, आणि मागे रांग वाढत होती. मला रांग वाढलेली खपत नाही. मी रखवालदाराला बाजूला घेतलं आणि सांगितलं, मीही गणवेशातली बाई आहे, रोज माणसांशी डोकं लावते, तुमचा त्रास मला ठाऊक आहे. ही पिशवी तुमच्या टेबलाखाली ठेवा. येताना म्हातारबा इथंच नारळ फोडतील आणि पहिला तुकडा तुम्हाला. तो हसला. पिशवी टेबलाखाली गेली. आबा मात्र रिकाम्या हातानं देवाकडे जायचं म्हणून कुरकुरत राहिले.

गाडी सुंदर होती, खोटं कशाला बोलू. आमच्या एसटीच्या खिडक्या खडखडतात, यांच्या काचा अशा की बाहेरची फांदी अंगाला लागेल म्हणून मी दोनदा डोकं मागे घेतलं. आबांना मी खिडकीशी बसवलं, शेजारी नवरा, समोर मी. पलीकडच्या बाजूला एक हिंदी बोलणारी बाई होती, नवऱ्यासोबत आणि सासूसोबत आलेली. तिच्या हातात मोबाइल आणि मोबाइलला लांब दांडी. सूचना झाली: बसून राहा, काचेवर हात मारू नका, आवाज करू नका. मग गाडी चढाला लागली.

आधी हरणं दिसली. नवरा आबांच्या कानाशी बोलून कुठं बघायचं ते सांगत होता, आबा डोकं हळूहळू फिरवत त्या नळीत हरीण पकडत होते. सापडलं की म्हणायचे, "हा, हा." एक गवा रुळाकडेला उभा होता, तो इतका मोठा की आबांना शोधावाही लागला नाही. "याला जू कोण लावंल रे?" असं त्यांनी मुलाला विचारलं आणि दोघं बराच वेळ हसत होते. आबांचा डोळा चांगलं काम करत होता. मी मनातल्या मनात वाघाला फर्मावलं, आता तू ये.

आणि तो आला.

गाडी एकदम हळू झाली. पुढच्या डब्यातून आरडाओरडा ऐकू आला. बांबूच्या झाडीतून काहीतरी पिवळं हललं आणि सरळ आमच्या बाजूला, रुळाच्या कडेनं, गाडीला लागून चालत यायला लागलं. मला एक खांदा दिसला, म्हणजे खांद्यासारखं काहीतरी. माझ्या तोंडून "देव" एवढाच शब्द निघाला.

त्याच क्षणी आम्ही तिघांनी हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

कुणी कुणाला सांगितलं नाही. आमच्याकडे हे सांगावं लागतच नाही. रानात तो आडवा गेला तर त्याचं नाव घ्यायचं नाही, देव म्हणायचं. थांबायचं, मान घालायची, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. तो त्याच्या वाटेनं जातो, मग आपण आपल्या वाटेनं जायचं. माझं माहेर मुरबाडकडचं, तिथंही हेच. लहानपणी आईसोबत सरपणाला गेले असताना बिबट्या आडवा गेला होता. आईनं माझ्या मानेवर हात ठेवून ती अशी दाबली की माझं नाक गुडघ्याला लागलं. त्या दिवशी मी फक्त माझ्या पायाचा अंगठा बघितला. ही रीत आमच्या अंगात इतकी मुरलेली आहे की काच, गाडी, तिकीट, सूचना, यांचा तिच्यापुढे काही इलाज चालला नाही. सगळा डबा उठून उभा राहिला, आणि ज्यांनी त्याच्यासाठी एवढा प्रवास केला होता ते आम्ही तिघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे बसलो होतो. मला फक्त मोबाइलचे आवाज ऐकू येत होते आणि कुणाची तरी म्हातारी मोठ्यानं रामनाम घेत होती.

गाडीनं वेग घेतला तेव्हा मी डोळे उघडले. बाहेर बांबू होते, बांबूच होते.

आबांनी मान वर केली. काचेकडे तोंड करून ते नळीतून शोधायला लागले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग मुलाला हळूच विचारलं, "गेला काय रे?"

नवऱ्यानं काचेला गाल लावून मागे बघितलं.

पलीकडची दांडीवाली बाई आनंदानं लाल झाली होती. "आंटी, देखा आपने? कितना पास आया!" असं म्हणत तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यात सगळं होतं. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे आमची तीन डोकी. एक टोपी, एक टक्कल, एक अंबाडा. तो चालता चालता थांबला होता, आबांच्या टोपीसमोरच, आणि आत बघत होता. नवऱ्याला हसू आवरेना. "येवढ्या लांब येऊन आपुन त्याला डोकी दाखवली," असं म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू घशातच राहिलं. त्या भल्या बाईनं मोबाइल आबांच्या डोळ्यापाशी नेला. आबांनी तो लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला. "चकाकतंय नुसता," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तिला परत दिला.

वरच्या स्टेशनवर गाडी चहापाण्यासाठी थांबते. सगळे उतरून दरी बघायला पळाले. आबा बाकावर बसले. मी चहा आणला तर नको म्हणाले. आबा चहाला नको म्हणतात तेव्हा काहीतरी फार बिनसलेलं असतं. "आला व्हता, आपल्याला कळला, बास झाला," असं ते मलाच समजावत होते, पण टोपी काढून पुन्हा घालत होते, पुन्हा काढत होते. मला भयंकर राग आला. त्यांचा नाही. माझा स्वतःचा, आईच्या त्या हाताचा, काचबिंदूचा, सगळ्यांचा एकदम. रडू यायच्या आधी मला राग येतो, आणि राग आला की मी कामाला लागते.

मी गाडीच्या गार्डला गाठलं. जाडसर, मिशीवाला, शांत माणूस. परत जाताना गाडी कुठून जाते? तो म्हणाला, तळ्याला वळसा घालून, दुसऱ्या रुळानं. वाघ तिथं असेल का? ऊन वाढलं की बहुतेक तळ्याकाठी पडून असतो, पण नक्की कोण सांगणार. कोणत्या बाजूला? समोरच्या बाजूला. म्हणजे आमच्या नाही, पलीकडच्या खिडक्यांना. गाडी तिथं थांबेल का? हळू होते, तो म्हणाला. मी म्हणाले, हळू नको, थांबवा. आमच्या म्हातारबाचा डोळा चाललाय आणि त्यांनी देव समोर आला म्हणून डोळे मिटले. गार्डनं माझ्याकडे बघितलं, मग बाकावर टोपी काढघाल करणाऱ्या आबांकडे. "देखता हूँ," म्हणाला. सरकारी असो की खासगी, आपल्या खात्यातला माणूस "बघतो" म्हणाला की काम होतं की नाही ते मला आवाजावरून कळतं. हे होणार होतं.

मग मी डब्यात चढले आणि माझं नेहमीचं काम सुरू केलं. "चला, चला, आत चला." हिंदी माझं आपलं चालतं तसं चालतं, पण आवाज कंडक्टरचा. त्या दांडीवाल्या बाईच्या कुटुंबाला आमच्या जागी बसवलं. त्यांनी काही विचारायच्या आत त्यांच्या पिशव्या इकडे आल्या होत्या. त्यांच्या मागच्या तरुण जोडप्याला एक बाक मागे. एक गृहस्थ म्हणाले, सीट नंबर आहे. मी म्हणाले, नंबर आहे तर आहे, आजोबांना वाघ बघायचाय, तुम्ही सकाळी बघितलात. ते उठले. माणसं वाईट नसतात, त्यांना फक्त कुणीतरी सांगावं लागतं. गाडी सुटली तेव्हा आबा पलीकडच्या खिडकीत बसलेले होते, शेजारी नवरा, आणि अख्ख्या डब्याला ठाऊक होतं की हे कशासाठी चाललंय.

आता एकच अडचण राहिली होती, आणि ती आबांच्या मानेत होती.

तो दिसला की ते मान घालणार. मी कितीही बजावलं तरी घालणार. त्यांनी मला सांगितलंसुद्धा, "मी नाय घालत गो, ती जातेच." म्हणून मी बाकावर बसले नाही. मी आबांच्या समोर, खिडकीला पाठ लावून, खाली गुडघे टेकून बसले. लग्न होऊन आले तेव्हापासून मी आबांच्या पाया पडले, त्यांचं ताट वाढलं, पण डोळ्यात थेंबही त्यांचा मुलगाच टाकायचा. सासऱ्याच्या तोंडाला सुनेनं हात लावायचा नसतो. आमच्या घरात डोक्यावरचा पदर कधीच गेला, पण हे राहिलं होतं.

तळं दिसायला लागलं. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली. गार्डनं शब्द राखला होता. नवरा पुटपुटला, "हाय. पाण्याच्या अलीकडं, बांबूच्या बुडाशी. पडलाय."

आबांची मान खाली जायला लागली. मी त्यांची हनुवटी धरली.

बैल जू नको असलं की मान आखडतो, तशी आबांनी आखडली. डोळे घट्ट मिटलेले. "नको गो," म्हणाले, "देव हाय."

"देव हाय म्हणूनच बगा," मी म्हणाले. "येवढ्या लांबून भेटायला आलाव नि तोंड लपवताव? मान वर करा, आबा."

"त्याला चालनार नाय."

"मी सांगतंय ना त्याला. माज्यावर येऊ दे काय ते. उघडा डोळा."

हे मी कशाच्या जोरावर बोलले ते मला माहीत नाही. पण बोलले, आणि आबांनी डोळा उघडला. त्यांचं तोंड माझ्या हातात होतं, दाढीचे खुंट बोटांना टोचत होते, आणि तो एकटा डोळा माझ्या डोक्यावरून बाहेर शोधत होता. "कुठं?" नवरा सांगायला लागला, "जरा डावीकडं. अजून." मी हनुवटी डावीकडे वळवली. "खाली थोडं." मी खाली केली. "हां, आता उजवीकडं, भाताच्या भाऱ्यांच्या उडवीएवढा आडवा पडलाय बगा." आम्ही दोघं आबांचं डोकं असं फिरवत होतो आणि आबा फिरवू देत होते. माझ्या मागे तो होता. अख्खा डबा माझ्या डोक्यावरून त्याच्याकडे बघत होता. मला फार वाटलं, एकदा मागे वळून बघावं. एकदाच. पण मी वळले असते तर हात सुटला असता, आणि हात सुटला असता तर मान गेली असती. मी वळले नाही.

आबांचा डोळा फिरायचा थांबला.

आधी काही झालं नाही. मग माझ्या हातातली हनुवटी हलकी झाली, म्हणजे मला ती धरून ठेवायची गरज राहिली नाही. तोंड उघडं पडलं. कपाळावरच्या आठ्या, ज्या मी लग्न झाल्यापासून बघत आले, त्या सगळ्या वर गेल्या आणि आबा मला एकदम त्यांच्या मुलासारखे दिसायला लागले.

"उठला," आबा म्हणाले.

आणि त्यांच्यानंतर डबाभर श्वास घेतल्याचा आवाज झाला. नवरा म्हणाला, "अवो, उठला, उठला!" पण आबांनी आधी सांगितलं होतं. मला खात्री पटली. माझ्या समाधानासाठी ते खोटंच "दिसला" म्हणाले असते, तसे ते आहेतच, पण "उठला" हे बघितल्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यातून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला माझा एकही हात रिकामा नव्हता.

आबा बघत राहिले. तो पाणी प्यायला असावा, कारण आबांचे ओठ थोडे हलले. मग तो निघाला असावा, कारण त्यांची मान आपोआप उजवीकडे वळत गेली, माझ्या हाताला घेऊन. शेवटी ती थांबली आणि तेव्हा त्यांनी हात जोडले. गाडी सुरू झाली. मी उठून वळले तेव्हा तळं मागे गेलं होतं.

गाडी डोंगर उतरत असताना त्यांनी मला विचारलं, "उठताना कसा मागचे पाय ताणलान, बगितलास ना?"

मी म्हणाले, "नाय. मी तुमाला बगत व्हती."

त्यावर आबा जे चिडले! "येडी हायस काय गो? देव सोडून म्हाताऱ्याचा थोबाड बगत बसलीस? येवढ्या लांब येऊन?" डब्यातली माणसं वळून बघायला लागली. बराच वेळ त्यांनी मला अशी झाडली. मग माझं मनगट धरून बाकावर बसवलं आणि पायथ्यापर्यंत मला तो सांगत आले. पाठीवरून पट्टे कसे खाली येतात आणि पोटाकडे पांढऱ्यात कसे हरवतात. कानामागे पांढरा ठिपका कसा आहे. पाणी पिताना खांदे कसे वर येतात, आपल्या जुन्या बैलाचे यायचे तसे. मी आयुष्यात एवढं गप्प बसून कुणाचं ऐकलं नसेल. खाली आल्यावर त्यांनी रखवालदाराच्या टेबलाजवळ नारळ फोडला, आणि मी कबूल केल्याप्रमाणे पहिला तुकडा रखवालदाराला गेला.

त्यानंतर भात लावून झाला, कापून झाला. थेंब वेळच्या वेळी टाकले, एक वेळ चुकवली नाही, पण नळी बारीक होत गेली. एका सकाळी आबा ओटीवरून उतरताना पायरी चुकले आणि म्हणाले, आज उजाडलं नाही काय? मी त्याच दिवशी त्यांना डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर चांगले आहेत. खोली अंधारी करून त्यांनी डाव्या डोळ्यात बॅटरी मारली. "आजोबा, उजेड दिसतोय?"

"नाय."

बॅटरी जवळ आणली. "आता?"

"नाय, सायेब."

"आणि आता?"

मी आबांच्या खुर्चीमागे उभी होते. तोंडावर पदर घेतला होता, आवाज केला नव्हता, निदान मला तसं वाटत होतं. आबांनी बॅटरीकडची मान फिरवली आणि मी जिथं उभी होते बरोबर तिकडे तोंड केलं.

"रडतेस कशाला गो?" ते म्हणाले. "आपुन टायमात जाऊन आलो."